कुत्र्याविषयी कणव, कोंबडीविषयी मौन : पशुधनाबाबत माणसाचे मन असे का वागते?

बेंगळुरू शहरातील भटक्या कुत्र्यांना दररोज चिकन-भात देण्याची योजना तेथील तत्कालीन महानगरपालिकेने जुलै २०२५ मध्ये आखली. शहराच्या आठ विभागांतील सुमारे ५ हजार कुत्र्यांसाठी वर्षाला २ कोटी ८८ लाख रुपये खर्च अपेक्षित होता. एका कुत्र्याच्या दिवसाच्या जेवणात १५० ग्रॅम चिकन आणि १०० ग्रॅम तांदूळ असे प्रमाण ठरवण्यात आले होते. या योजनेवर देशभर चर्चा झाली. करदात्यांचा पैसा, कुत्र्यांचे चावे, निर्बीजीकरणाची गती आणि उपाशी कुत्र्यांची आक्रमकता यांवर त्या चर्चेचा भर होता.

या योजनेत प्राणी मात्र दोन होते. ५ हजार कुत्र्यांना प्रत्येकी १५० ग्रॅम या हिशेबाने दिवसाला ७५० किलो चिकन लागते. एका ब्रॉयलर कोंबडीपासून साधारण दीड किलो मांस मिळते असे धरले, तर हा आकडा दररोज सुमारे ५०० कोंबड्यांचा होतो. भूतदयेच्या या हिशेबात कुत्रे लाभार्थी ठरले आणि कोंबड्या खर्चाच्या रकान्यात गेल्या.

दोन्ही प्राण्यांना भूक लागते, वेदना होते, भीती वाटते. तरीही एकासाठी जीव कळवळतो आणि दुसऱ्याचा विचारही मनात येत नाही. असे का होते, याचा शोध मानसशास्त्रज्ञ गेली काही दशके घेत आहेत. माणसाची सहानुभूती प्राण्याच्या वेदनेच्या प्रमाणात वाढत नाही, असा या संशोधनाचा सारांश आहे. प्राण्याचे नाव, चेहरा, त्याची जवळीक आणि ताटातील स्थान यांवर ती अधिक अवलंबून असते.

एकच रस्ता, दोन न्याय

बेंगळुरूच्या आग्नेयेकडील सर्जापूर रोडवर हा विरोधाभास ठळकपणे दिसतो. आगरा परिसरातून निघालेला हा रस्ता इब्लूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्रा अशा गावांवरून आनेकल तालुक्यातील सर्जापूरपर्यंत जातो. विप्रो कंपनीचे मुख्यालय याच रस्त्यावर आहे, तर अझीम प्रेमजी विद्यापीठाचा परिसर सर्जापूरजवळ आहे. गेल्या अडीच दशकांत येथील शेतांच्या जागी निवासी संकुले उभी राहिली. त्यांत माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणारी अनेक मराठी कुटुंबेही आली.

अशा वसाहतींत कुत्र्यांना खाऊ घालणारे आणि त्यास विरोध करणारे, असे दोन पक्ष हटकून असतात. महापालिकेच्या २०२३ च्या पाहणीनुसार बेंगळुरूत सुमारे २ लाख ७९ हजार भटकी कुत्री होती. त्यांच्यापैकी कितीतरी कुत्र्यांना रहिवाशांनी नावे दिलेली असतात. पाळीव प्राण्यांचे दवाखाने आणि चिकनची दुकाने एकाच रांगेत दिसतात. दुकानाबाहेरच्या जाळीत दाटीने बसलेल्या कोंबड्यांना मात्र नाव नसते. वजन आणि दर एवढीच त्यांची ओळख असते. दोन्ही दुकानांत जाणारे गिऱ्हाईक पुष्कळदा एकच असते. त्याला क्रूर म्हणता येणार नाही. त्याच्या मनाचे दोन कप्पे एकमेकांशी बोलत नाहीत, इतकेच.

आकडा वाढतो, कळवळा वाढत नाही

या विषयातील सर्वांत मूलभूत पूर्वग्रह संख्येविषयीचा आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या एका प्रसिद्ध पाहणीत नागरिकांना प्रश्न विचारण्यात आला की, तेलाच्या डबक्यांत बुडून मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवण्यासाठी तुम्ही किती पैसे द्याल? काहींना पक्ष्यांची संख्या २ हजार सांगितली, काहींना २० हजार, तर काहींना २ लाख. उत्तरांची सरासरी अनुक्रमे ८०, ७८ आणि ८८ डॉलर आली. पक्षी शंभरपट झाले, पण दयेची किंमत जवळपास तेथेच राहिली. ऐकणाऱ्याच्या मनात तेलाने माखलेला एकच पक्षी उभा राहतो आणि तो त्या चित्राला पैसे देतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

याची दुसरी बाजू म्हणजे ओळख असलेल्या एका जिवाचे आकर्षण. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांसमोर माली देशातील रोकिया या सात वर्षांच्या मुलीची कहाणी मांडली. इतरांना आफ्रिकेतील लाखो भुकेल्या माणसांची आकडेवारी दिली. रोकियाला मिळालेली मदत आकडेवारीला मिळालेल्या मदतीच्या दुपटीहून अधिक होती. माणसांबाबत हे घडत असेल, तर पशूंबाबत काय होत असेल याची कल्पना करता येते.

भारताच्या २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत कोंबड्यांसह पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटी १८ लाख नोंदली गेली. गाय-बैलांची संख्या सुमारे १९ कोटी, तर शेळ्यांची सुमारे १५ कोटी होती. गणना ठरावीक वेळेची असते. मांसासाठी वाढवलेला ब्रॉयलर पक्षी साधारण सहा आठवड्यांतच कापला जातो आणि एका शेडमधून वर्षाला अनेक तुकड्या बाहेर पडतात. त्यामुळे वर्षभरात जगून मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या या गणनेपेक्षा कितीतरी मोठी असते. कुक्कुटपालनाच्या व्यवसायात मेलेल्या पक्ष्यांसाठी ‘मरतूक’ हा शब्द आहे आणि ती टक्क्यांत सांगतात. व्यवसायाच्या दृष्टीने ते सोयीचेच आहे, परंतु टक्केवारीला चेहरा नसतो.

गोकाकच्या कोंबड्या, पालक्काडची हत्तीण

मार्च २०२० मध्ये कोरोना विषाणू चिकनमधून पसरतो, अशी अफवा समाजमाध्यमांतून पसरली. शास्त्रज्ञांनी व सरकारने ती फेटाळली, तरी मागणी कोसळली. पक्ष्यांना रोज खाद्य द्यावे लागत होते आणि विक्रीतून उत्पादनखर्चही निघत नव्हता. बेळगाव जिल्ह्यातील गोकाक तालुक्यात एका व्यावसायिकाने हजारो जिवंत कोंबड्या खड्ड्यात लोटून पुरल्या. त्याची चित्रफीत सर्वत्र फिरली. सर्जापूरपासून जवळ असलेल्या कोलार जिल्ह्यातही हजारो पक्षी पुरण्यात आले. बातम्या आल्या त्या प्रामुख्याने शेतकऱ्याच्या नुकसानीच्या आणि अफवेच्या.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, २७ मे २०२० रोजी, केरळच्या पालक्काड जिल्ह्यात एक गर्भवती हत्तीण मरण पावली. स्फोटके भरलेले फळ तोंडात फुटल्याने ती जखमी झाली होती आणि अखेरच्या काळात ती नदीच्या पाण्यात उभी होती. ते छायाचित्र देशभर पोहोचले. उद्योगपती, खेळाडू व चित्रपट कलावंतांनी संताप व्यक्त केला, गुन्हा नोंदला गेला आणि केंद्र सरकारने अहवाल मागवला.

हत्ती संरक्षित वन्यप्राणी आहे आणि त्या मृत्यूचे गांभीर्य वादातीत आहे. मात्र दोन्ही घटनांत निष्पाप प्राण्यांचा माणसाच्या हातून यातनामय अंत झाला. एका घटनेत एक जीव होता, गर्भ होता, एक छायाचित्र होते. दुसऱ्या घटनेत हजारो जीव होते आणि एकही चेहरा नव्हता.

महाराष्ट्रालाही हा अनुभव आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. संसर्ग रोखण्यासाठी ते आवश्यक होते. चर्चा झाली ती माणसांना असलेल्या धोक्याची आणि व्यवसायाच्या हानीची. याउलट २०२५ च्या जुलैमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाची महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर गुजरातमधील वनतारा केंद्रात हलवण्यात आली, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. हत्तिणीला नाव होते, गावाशी तिचे नाते होते. ग्रामीण महाराष्ट्राने सर्जा-राजा अशी नावे ठेवून बैलाशीही असेच नाते जोडले आणि पोळ्याला त्याला पुरणपोळी भरवली. दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये असे नाते जुळणे अशक्य असते.

खाद्य ठरले की मन नाकारले जाते

दुसरा महत्त्वाचा पूर्वग्रह आहाराशी निगडित आहे. प्राण्यांवर प्रेम आणि मांसाहार एकाच मनात कसे नांदतात, या कोड्याला संशोधक ‘मांसाचा विरोधाभास’ म्हणतात. स्टीव्ह लॉनन, निक हॅस्लम आणि ब्रॉक बॅस्टियन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही व्यक्तींना सुके गोमांस, तर काहींना काजू खायला दिले. नंतर त्यांना प्राण्यांविषयी प्रश्न विचारले. मांस खाल्लेल्यांनी नैतिक आस्थेला पात्र मानलेल्या प्राण्यांची यादी काजू खाल्लेल्यांपेक्षा आखूड निघाली. गायीविषयीची त्यांची आस्थाही कमी भरली.

पुढच्याच वर्षी झालेल्या एका अभ्यासात पापुआ न्यू गिनीतील झाडांवर राहणाऱ्या कांगारूची माहिती अमेरिकी सहभागींना देण्यात आली. हा प्राणी तेथे खाल्ला जातो असे ज्यांना सांगितले, त्यांनी त्याची वेदना जाणवण्याची क्षमता कमी आहे असे मानले. त्यांनी स्वतः त्या प्राण्याला मारले नव्हते की खाल्ले नव्हते. तो ‘खाद्य’ या वर्गात पडला, एवढे पुरेसे ठरले.

लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताच्या आधारे याचा उलगडा होतो. आपली कृती आणि आपली मूल्ये जुळत नसतील, तर मनाला अस्वस्थता येते. कृती बदलणे कठीण असते, म्हणून मन श्रद्धा बदलते. ‘कोंबडीला काय कळते’ हे वाक्य निरीक्षणातून आलेले नसते. ते अस्वस्थतेवरचा उतारा असते. विज्ञानाचा कल वेगळा आहे. जुलै २०१२ च्या केंब्रिज जाहीरनाम्यात शास्त्रज्ञांच्या एका गटाने सर्व सस्तन प्राणी व पक्षी यांच्याकडे जाणिवेस आधारभूत अशी मज्जारचना असल्याचे नमूद केले.

शब्दांचा पडदा

ऑस्लो येथील योनास कुन्स्ट आणि सिग्रिड होले यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार, भाजलेल्या डुकराचे डोके चित्रात असेल तर पाहणाऱ्याची सहानुभूती वाढते आणि ते खाण्याची इच्छा कमी होते. डोके काढले की पदार्थ उरतो, प्राणी नाहीसा होतो. मांसाला वेगळा शब्द वापरला तरी असेच होते.

मराठीत हा बदल गेल्या दोन-तीन पिढ्यांत झालेला दिसतो. घरी कोंबडी कापली जात असे तेव्हा जेवणाच्या बोलण्यातही ‘कोंबडी’च असे. शहरात ‘चिकन’ आणि ‘मटण’ रुळले. धुऊन, तुकडे करून, पाकिटात भरून घरपोच मांस देणाऱ्या कंपन्या आल्या. त्यांतील लिशस ही कंपनी २०१५ मध्ये बेंगळुरूतच सुरू झाली. स्वच्छतेच्या दृष्टीने ही सुधारणा असू शकते, परंतु तिने खाणारा आणि प्राणी यांच्यामधील अंतर वाढवले. जुन्या मराठीत ते अंतर कमी होते, याची साक्ष एक म्हण देते : शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. तिचा वापर माणसांच्या व्यवहाराबद्दल होतो, पण तिच्यात शेळीची बाजू नोंदलेली आहे.

गाय, म्हैस आणि राज्याची सीमा

कोणता प्राणी सहानुभूतीस पात्र, ही रेषा प्रत्येक समाज आपापल्या परंपरेने आखतो आणि कायदा ती पक्की करतो. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येवर बंदी होती. १९९५ च्या दुरुस्ती विधेयकाला मार्च २०१५ पासून अंमल मिळाला आणि वळू व बैल यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशींवर अशी सरसकट बंदी नाही. कर्नाटकच्या २०२० च्या कायद्यात मात्र १३ वर्षांखालील म्हशी आणि रेड्यांचाही बंदीत समावेश आहे. म्हणजे कोल्हापुरातील म्हशीला जे संरक्षण नाही, ते निपाणीतील म्हशीला आहे. श्रद्धा, शेती व राजकारण यांतून या रेषा येतात आणि त्यांची स्वतंत्र कारणे आहेत. म्हशीच्या वेदनेत मात्र सीमेवर काही बदल होत नाही.

शाकाहारी समाजही या पूर्वग्रहांपासून मुक्त नाही. २०२३-२४ मध्ये देशात २३ कोटी ९३ लाख टन दूध उत्पादन झाले. गाय किंवा म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही आणि साधारण निम्मी वासरे नर असतात. शेतीत ट्रॅक्टर आल्यापासून त्यांचा उपयोग घटला. २०१२ ते २०१९ या काळात देशातील गोवंशातील नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. दुधाच्या पिशवीवर वासरू दिसत नाही, म्हणून त्याचा प्रश्नही डोळ्यांआड राहतो.

रेषा बदलतेही. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी लाखो प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात व तेही पुढे मारले जाणार नाहीत, असा आशय आहे. त्या काळी ताटात असलेला मोर १९६३ पासून भारताचा राष्ट्रीय पक्षी आहे. मोर आणि कोंबडी पक्षिशास्त्रात एकाच कुलात मोडतात.

कायद्यातील प्रतिबिंब

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी संसदेत केलेल्या प्रयत्नांतून प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० मध्ये आला. आपल्या काळाच्या मानाने तो पुढारलेला होता. त्यात पहिल्या गुन्ह्यासाठी १० ते ५० रुपये दंड ठरवला गेला. १० रुपयांत आज दोन अंडीही येत नाहीत. अन्नासाठी प्राणी मारताना अनावश्यक यातना दिल्या नसतील, तर ते कृत्य या कायद्याच्या कलम ११ मधून वगळलेले आहे. ‘अनावश्यक’ म्हणजे काय, हे ठरवणे बहुधा रूढ पद्धतीवर सोपवले जाते. प्रचलित आहे ते योग्यच असणार, असे मानण्याचा मनाचा कल येथे कायद्याच्या भाषेत येतो.

अंड्यांवरील कोंबड्यांचे उदाहरण बोलके आहे. देशात २०२३-२४ मध्ये १४ हजार २७७ कोटी अंडी तयार झाली. पिंजरा पद्धतीत एका कोंबडीला साधारण ४५० चौरस सेंटीमीटर जागा मिळत आली आहे. टंकलेखनाच्या ए-४ कागदाचे क्षेत्रफळ ६२४ चौरस सेंटीमीटर असते. तेवढ्या जागेत कोंबडीला पंख पुरते पसरता येत नाहीत. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये सादर केलेल्या २६९ व्या अहवालात अंड्यांवरील व मांसासाठीच्या कोंबड्यांकरिता नियम करण्याची शिफारस केली. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी ही जागा किमान ५५० चौरस सेंटीमीटर केली. युरोपीय संघाने जुन्या धर्तीचे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले आणि सुधारित पिंजऱ्यात किमान ७५० चौरस सेंटीमीटर जागा बंधनकारक केली.

ज्या प्राण्यांची संख्या सर्वाधिक, त्यांच्यासाठीचे नियम सर्वांत उशिरा आले, हे यातून दिसते.

पालनकर्त्याची बाजू

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे हाही एक सोयीचा पूर्वग्रहच ठरेल. महाराष्ट्र आणि कर्नाटकात ब्रॉयलर पालन मोठ्या प्रमाणावर कराराने चालते. कंपनी पिल्ले, खाद्य व औषधे देते, शेतकरी शेड आणि श्रम देतो आणि त्याला किलोमागे ठरलेला मोबदला मिळतो. जागा वाढवायची तर पक्षी कमी ठेवावे लागतात आणि तो खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न उभा राहतो. अंडे हे गरीब कुटुंबाला परवडणारे प्रथिन आहे, याचाही विसर पडता कामा नये. कोंबडीविषयीची कणव शेतकऱ्याच्या किंवा गरिबाच्या ताटातून वसूल करणे न्याय्य नाही.

जाणीव झाली म्हणजे पुरे होते का?

हे पूर्वग्रह ओळखले की ते नाहीसे होतील, असे वाटणे साहजिक आहे. रोकियाच्या प्रयोगात संशोधकांनी तेही तपासले. दान देण्यापूर्वी काही लोकांना या पूर्वग्रहाची माहिती देण्यात आली. त्यानंतर रोकियाला मिळणारी मदत घटली, परंतु आकडेवारीतील लाखोंना मिळणारी मदत वाढली नाही. ज्ञानाने दया समान वाटली गेली खरी, पण खालच्या पातळीवर.

पशुधनाच्या बाबतीत हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. कुत्र्यावर माया करणाऱ्याला ‘मग कोंबडीचे काय?’ असे विचारल्याने कोंबडीचे भले होईलच असे नाही. कदाचित कुत्र्याची वाटी मात्र रिकामी होईल. एका जिवाविषयी वाटणारी कणव ही सुरुवात मानली, तर तिचा विस्तार होऊ शकतो.

तो विस्तार केवळ भावनेच्या बळावर होणार नाही, कारण भावना एका वेळी एकाच चेहऱ्याकडे पाहते. जेथे चेहरा दिसत नाही, तेथे मोजमाप कामी येते. पिंजऱ्याचे चौरस सेंटीमीटर, वाहतुकीत पाण्याशिवाय गेलेले तास, कत्तलीपूर्वी भूल दिली की नाही याची नोंद आणि बाजार कोसळल्यावर पक्ष्यांचे व पालकाचे काय करायचे याची आगाऊ व्यवस्था, या गोष्टी कोणाच्याही कळवळ्याची वाट पाहत नाहीत. गोकाक आणि कोलारमध्ये २०२० साली अशी व्यवस्था असती, तर हजारो पक्ष्यांवर आणि त्यांच्या मालकांवर ती वेळ आली नसती.

सर्जापूर रोडवरील रहिवाशाला भटक्या कुत्र्याविषयी वाटणारी आस्था खरी आहे. अंडी व मांस जेथून येते त्या शेडची माहिती मागणे, पाकिटावर पालनपद्धतीचा उल्लेख असावा असा आग्रह धरणे आणि नियम पाळणाऱ्या शेतकऱ्याला थोडा अधिक दर देणे, एवढे त्याच्या हाती आजही आहे. त्यासाठी कोंबडीला नाव देण्याची गरज नाही. तिला जागा मिळाली तरी पुष्कळ आहे.